वेगळा कप

अहमदपूरला ग्राउंडवर मी कायम बॉलर. बॅट ज्याची, बॅटिंग त्याची! एकदा वैतागून आजोबांना सांगितलं. ते हसले. "बाळू पालवणकर माहितंय का रे तुला?"

बाळूंचा जन्म १८७६ चा, चर्मकार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर ते पीच तयार करायचे, साहेबांना नेटमध्ये तासन्‌तास डावखुरी स्पिन टाकायचे. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. मैदानात त्यांचा चेंडू सगळे झेलायचे, पण चहा त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ विकेट काढल्या. तरी कॅप्टन झाले नाहीत. तो मान १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाला.

"आमचाबी कप हाटेलाबाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. पिऊन आपणच धुवायचा," आजोबा म्हणाले. हे त्यांनी घरात आधी कधीच सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, हॉस्टेलच्या टपरीवर आपण एक कटिंग चौघांत पितो. ग्लास माझ्याकडे आला की मला तो खिळा आठवतो. बॅटिंग मिळाली नाही तरी आता चालतं.