माणसाच्या रक्तावर शिकताना

इम्युनॉलॉजी शिकायला स्टॅनफर्डच्या मेडिकल स्कूलमध्ये गेले तेव्हा मी एमडी होते, वॉर्डातला अनुभवही गाठीशी होता. पण रक्ताच्या रिपोर्टात लिम्फोसाइट किती टक्के, यापलीकडे कधी पाहिलंच नव्हतं. लेन हर्झेनबर्ग यांच्या गटाने 1969 मध्ये पेशी रंगांवरून ओळखून वेगळ्या करणारं यंत्र याच विद्यापीठात घडवलं. त्याच्या वारशात शिकताना माझी नजर बदलणारच होती.

रक्त स्टॅनफर्ड ब्लड सेंटरमधून यायचं. प्लेटलेटदान झालं की यंत्राच्या छोट्या शंकूत पांढऱ्या पेशी अडकून राहतात, त्या आम्हाला मिळत. ते रक्त पातळ करून फायकॉल या दाट द्रावणावर अलगद सोडायचं, थर मिसळू द्यायचे नाहीत. सेंट्रिफ्यूज थांबताना ब्रेक लावायचा नाही. मग प्लाझ्माखाली पांढऱ्या पेशींचं जे धुरकट कडं दिसतं, ते पिपेटने उचलायचं. एका अनोळखी माणसाला आजवर झालेल्या सगळ्या संसर्गांची आठवण त्या कड्यात असते, या विचाराने मला दर वेळी भरून यायचं.

त्या कड्यातल्या लिम्फोसाइटपैकी जंतूंचे तुकडे ओळखणाऱ्या त्या टी पेशी. एखाद्या विषाणूचा नेमका एकच तुकडा ओळखणाऱ्या, अजून कामाला न लागलेल्या टी पेशी दहा लाख टी पेशींत जेमतेम एक ते दहा. त्या हुडकायला टेट्रामर लागतो: टी पेशींना तुकडे दाखवणारे चार एमएचसी रेणू एकत्र बांधलेले, प्रत्येकात विषाणूचा तो तुकडा. स्टॅनफर्डमधल्याच जॉन ऑल्टमन आणि मार्क डेव्हिस यांनी 1996 मध्ये ही युक्ती मांडली. डेव्हिस यांच्याच गटाचा 2013 मधला शोध मला सर्वांत जवळचा वाटतो. एचआयव्हीची कधीही लागण न झालेल्या प्रौढांमध्ये तो विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ‘अनुभवी’, स्मृतिपेशींसारख्या होत्या. नवजात बाळांच्या नाळेच्या रक्तात तशा नव्हत्या. त्या प्रौढांच्या पेशी बहुधा आसपासच्या साध्यासुध्या जंतूंवर तयार झाल्या असाव्यात, कारण यातल्या काही पेशी त्या जंतूंच्या तुकड्यांनाही प्रतिसाद देत होत्या.

निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेल्या उंदराकडून हे कळलं नसतं. उंदरांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं, तरीही माणसाची प्रतिकारशक्ती माणसातच अभ्यासायला हवी, हा डेव्हिस यांचा आग्रह मला मनापासून पटतो. म्हणूनच आता मला मेळघाटात जन्मलेल्या बाळांचं नाळेचं रक्त पाहायचंय, आणि तीच मुलं पाच वर्षांची झाली की पुन्हा त्यांचंच रक्त.