एक्स-रे काढणारी माणसे

दवाखान्यातून बरे होऊन घरी आलो की आपण डॉक्टरांचे नाव चारचौघांत आदराने घेतो. सिस्टरांचीही आठवण काढतो. परंतु ज्याने आपला एक्स-रे काढला, सीटी स्कॅनच्या टेबलावर नीट झोपवले, त्याचे नाव कोणालाच ठाऊक नसते. ‘फोटो काढणारा’ एवढीच त्याची ओळख! बटण दाबले की फोटो निघतो, त्यात त्याचे काय एवढे, असे बहुतेकांना वाटते. आमच्या आईच्या आजारपणात आम्हा भावंडांना या प्रश्नाचे उत्तर मिळाले.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. नोकरीच्या निमित्ताने आम्ही सांगलीत स्थायिक झालो. आई ऐंशीच्या घरात असताना तिला खोकला लागला. महिना झाला, दोन महिने झाले, खोकला काही हटेना. एका खाजगी ठिकाणी छातीचा फोटो काढायला नेले. तिथल्या माणसाने काचेमागूनच ओरडून सांगितले, “ए म्हातारे, श्वास धर!” आईला कमी ऐकू यायचे. ती बावरली आणि होता तेवढा श्वास सोडून उभी राहिली. फोटो धड निघाला नाही. तरी तोच हाती दिला गेला आणि त्यावर पुन्हा खोकल्याचेच औषध मिळाले.

पुढे तिला सरकारी रुग्णालयात नेले. तिथे एक्स-रे विभागात एक तरुण मुलगी कामाला होती. तिने आधी विचारले, “आजी, खोकला कधीपासनं हाय? सांजच्याला ताप येतो का? जेवण जातं का?” मग दार लावून घेतले, गाऊन दिला, गळ्यातली पोत काढून आमच्या बहिणीच्या हाती दिली. “हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढं. आता मोठा श्वास घ्या आणि विहिरीत बुडी मारल्यावर धरतो तसा धरून ठेवा.” दोनदा सराव करून घेतला, मगच फोटो काढला. लहानपणी पाणवठ्यावर वरून ओंजळीत ओतलेले पाणी प्यायलेली आमची आई! तिचे खांदे दोन्ही हातांनी धरून त्या मुलीने तिला सरळ उभे केले होते. आई घरी येऊन फोटोबद्दल काही बोलली नाही. “पोरगी लई मायेची हाय,” एवढेच म्हणाली.

फोटो पाहून ती मुलगी आम्हाला काही बोलली नाही. तिने आईला मास्क दिला, खिडकीजवळ बसवले आणि स्वतः जाऊन डॉक्टरांना बोलावून आणले. थुंकीची तपासणी झाली. क्षयरोग निघाला. सरकारकडून मोफत मिळणारी औषधे सहा महिने न चुकता घेतली आणि आई खडखडीत बरी झाली.

त्यानंतर आम्ही या कामाची माहिती करून घेतली. छाती प्लेटला टेकवून उभे करतात, कारण त्यामुळे हृदयाची सावली उगाच मोठी पडत नाही. खांदे पुढे घेतले की पाठीची फरी फुप्फुसावरून बाजूला सरते. मोठा श्वास घेतला की फुप्फुसे पूर्ण उलगडतात आणि कानाकोपऱ्यातला डागही दिसतो. म्हणजे रुग्णाला नीट समजावले नाही तर लाखो रुपयांचे यंत्रही आंधळेच! फोटो वाचून अहवाल देणारे डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट. फोटो काढतो तो तंत्रज्ञ. म्हणून “काय निघालं?” असे विचारल्यावर तंत्रज्ञ गप्प राहिला तर तो त्याचा गर्व नव्हे, ती त्याच्या कामाची मर्यादा होय.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत रोंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही, त्यामुळे हा शोध सर्वांचा झाला. परंतु या किरणांचे भान ठेवावेच लागते. छातीच्या एका एक्स-रेमध्ये आपल्याला साधारण तेवढेच किरण लागतात, जेवढे निसर्गातून आठ-दहा दिवसांत लागतात. सीटी स्कॅनमध्ये मात्र कितीतरी पट अधिक. म्हणून तंत्रज्ञाने “पाळी कधी आली होती?” असे विचारले तर भगिनींनी लाजू नये, रागावूही नये. पोटात गर्भ असेल तर त्याच्या रक्षणासाठीच तो प्रश्न असतो. तंत्रज्ञाच्या छातीशी एक छोटा बिल्ला असतो. त्याच्या अंगावर किती किरण पडले हे त्यावरून ठरावीक मुदतीने तपासतात. आपण वर्षातून एखाद्या वेळी त्या खोलीत जातो, तो रोज जातो.

एमआरआयमध्ये हे किरण नसतात, पण तिथले चुंबक सतत चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात रुग्णासोबत आलेला एक तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, यंत्राकडे ओढला गेला आणि प्राणास मुकला. तेव्हा दारात अडवून खिसे रिकामे करायला लावणारा माणूस आपला जीवच वाचवत असतो.

सोनोग्राफीत तर किरणही नाहीत आणि असे चुंबकही नाही, केवळ ध्वनिलहरी असतात. पण त्याच यंत्राने आपल्या भागाला कलंक लावला. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे मुली सांगली जिल्ह्यात ८५१ आणि सातारा जिल्ह्यात ८७८ होत्या. १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगणारा गुन्हेगार आहे, तसाच विचारणाराही. पडद्यावर दिसत असूनही न सांगणे, हेही या व्यवसायाचे कर्तव्यच आहे. ते पाळणाऱ्याला आपल्या घरच्यांनी गळ घालू नये.

मे २०२१ पासून केंद्राचा नवा कायदा लागू झाला. त्यात अशा तंत्रज्ञांना आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान मिळाले आहे. बारावी विज्ञानानंतर या शाखेचे शिक्षण घेता येते. डॉक्टर नाहीतर इंजिनियर, या दोनच वाटा आपल्या मुलामुलींपुढे ठेवू नका. ही तिसरी वाटही सन्मानाची आहे. आणि जी मुले या वाटेने जातील त्यांना यंत्राच्या शिक्षणाबरोबर एक गोष्ट घरातूनच शिकवून पाठवा. समोर उभी राहील ती म्हातारी कोणाची तरी आई असते. तिला ‘आजी’ म्हणून हाक मारायला पैसे पडत नाहीत, आणि फोटोही चांगला येतो.