कपाटाची किल्ली

आमच्या टेबलाच्या खणात अद्यापि एक गंजलेली किल्ली पडून आहे. वाशीमजवळच्या एका खेड्यातील शाळेत आम्ही पुष्कळ वर्षे गणित व विज्ञान शिकविले. ही किल्ली तेथील प्रयोगसाहित्याच्या कपाटाची. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा तो 1998 साली झाला. कपाट सरकारी अनुदानातून आले होते, आणि त्यातील लोलक, भिंगे व परीक्षानळ्या यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरात अचूक ठेवणे हेच आम्ही आमचे विज्ञान मानीत होतो.

सातवीतील एका मुलाने एकदा लोलक हाती घेऊन पाहण्याची परवानगी मागितली. "फुटला तर भरून कोण देईल?" असे आम्ही म्हणालो. मुलगा हिरमुसून जागेवर बसला. परीक्षेत त्याने प्रकाशाच्या पृथक्करणाची व्याख्या तोंडपाठ लिहिली व आम्ही त्यास पूर्ण गुण दिले. पुढील वर्षी तो कापूस वेचावयास गेला तो शाळेत परतला नाही. त्याच सुमारास तपासणी झाली. एकही वस्तू फुटली नव्हती, म्हणून आमची प्रशंसा झाली. त्या प्रशंसेची आज आम्हांस लाज वाटते.

अनुदान विचारते ते एवढेच, की वस्तू आली काय व शाबूत आहे काय. मुलाला काय समजले, हे शोधून काढणे निराळे काम आहे, आणि त्यासही पैसा लागतो. 1974 साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. तेथील मंडळी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा या गावी जाऊन खेड्यातील शाळांत काम करू लागली. केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी 1981 साली दाखवून दिले, की विज्ञान शिकताना पुस्तकी भाषाच मुलांच्या वाटेत आडवी येते. ज्यांस आम्ही मंदबुद्धी म्हणत होतो, त्यांतील किती जण केवळ आमच्या भाषेस अडखळत होते, कोण जाणे!

पुढे 2018 साली वाशीमचे नाव केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आले. तत्पूर्वी 2016 साली अटल टिंकरिंग लॅबची योजना निघून निवडलेल्या शाळेस 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याचे ठरले होते. हे सर्व स्वागतार्ह होय. तथापि पैशाबरोबर नवी कुलुपेही येतील, ही शंका आम्हां जुन्या किल्लीवाल्यांस सोडीत नाही.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' याबरोबर 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा वाद उसळला! 'सत्तावन्न' म्हणताना सात आधी कानी पडतो व लिहिताना पाच आधी लिहावा लागतो. तेव्हा शंका खोटी नव्हती. पण थट्टा पुष्कळ झाली. चार शाळांतील मुले दोन्ही रीतींनी शिकवून पाहा, असे म्हणणारा आम्हांस क्वचितच भेटला.

कोणी म्हणेल, शाळेचे छप्पर गळत असता संशोधन कसले? छप्पर आधी, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु छपराखाली बसून मूल कोठे अडते, हे कळल्यावाचून दिलेला पैसा कपाटापर्यंतच पोचतो. आमचे मागणे थोडके आहे: प्रत्येक अनुदानात फुटतुटीसाठी काही रक्कम सोडावी, आणि मुलांच्या अडखळण्याची टिपणे ठेवणाऱ्या शिक्षकास वेळ व चार पैसे द्यावेत.

फुटलेल्या लोलकाची किंमत लिहिता आली असती. न पाहिलेल्या रंगांसाठी आमच्या रजिस्टरात रकाना नव्हता.