दूरची युद्धं आणि आमचं वावर

शनिवारी सकाळी चहाचा पहिला घोट घेतो ना घेतो, तोच गावाहून काकांचा फोन. "कामाले माणसंच भेटत नाहीत बा. वावर इकून टाकू का?" मी "बघू" म्हणालो आणि फोन ठेवला. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय.

तर, आमचं गाव साखरखेर्डा, जिल्हा बुलढाणा. १७२४ साली इथे मोठी लढाई झाली होती. निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाला हरवलं आणि गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. गावातल्या पोरांना याचा कोण अभिमान! पण आमच्या घराला गाव सोडायला लावलं ते पार हिमालयातल्या युद्धाने.

१९६२ ला चीनशी युद्ध झालं. त्यानंतर दारूगोळ्याचे नवे कारखाने निघाले. १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगावला बंदुकीच्या गोळ्या बनवणारी आयुध निर्माणी आली आणि आजोबा तिथे चिकटले. कोरडवाहू ज्वारी-कापूस करणाऱ्या माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार, राहायला क्वार्टर, पोरांना शाळा... अजून काय पाहिजे? आजी सांगायची, पहिल्या वर्षी ते पेरणीला रजा काढून आले. दुसऱ्या वर्षी पैसे पाठवले. तिसऱ्या वर्षी नुसतं पत्र. वावर धाकट्या भावाने सांभाळलं. फोनवाले काका म्हणजे त्यांचाच मुलगा.

मुंबईचंही तेच झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात गिरण्यांना लष्करी कापडाच्या ऑर्डरी आल्या, रात्रपाळ्या सुरू झाल्या, गावोगावची माणसं आली. १९४५ ला युद्ध संपलं, पण गर्दी ओसरली नाही. जागेची एवढी टंचाई, की १९४७ च्या कायद्याने घरभाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली!

म्हणजे बघा, युद्ध संपलं तरी नेलेली माणसं परत येत नाहीत. कारण एव्हाना पोरं तिथल्या शाळेत असतात. बाबा क्वार्टरमध्येच वाढले, डिप्लोमा करून पुण्याला आले. मी तर इथेच जन्मलो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, निर्माणीचा मालकही बदलला. आमच्यापैकी गावी कोणी गेलं नाही.

लोक म्हणतात, शेती परवडत नाही म्हणून गाव सुटतं. खरं आहे, पण अर्धंच. शेती आधीही बेभरवशाचीच होती. फक्त ती सोडून जायला जागा नव्हती. ती जागा युद्धाने दिली.

काकांना मात्र कुठल्याच युद्धाने काही दिलं नाही. आमच्या वाट्याचं वावर त्यांनी दोन पिढ्या राखलं आणि विचारायला फोनही त्यांनीच केला. मी जे "बघू" म्हणालो ना, ते बहुतेक आजोबांचं तिसऱ्या वर्षीचं पत्रच होतं.

असो. दिवाळीत गावी जाईन म्हणतोय. तिकीट अजून काढलेलं नाही.