सीमा सरकल्या, भूम जागेवरच

बार्शी मागे पडली की भूमचा रस्ता हळूहळू चढाला लागतो. दोन्ही अंगांना ज्वारी आणि तूर, मधेच उसाचा हिरवा तुकडा, आणि समोर बालाघाटाच्या सपाट माथ्याच्या टेकड्या. वाटेत सोलापूर जिल्हा संपून धाराशिव जिल्हा लागल्याची पाटी येते. एसटीतले कुणीही मान वळवून तिच्याकडे पाहत नाही. पाटीच्या अलीकडे जशी काळी माती, तशीच पलीकडेही. पण 1948 च्या सप्टेंबरपर्यंत इथे दोन राज्ये एकमेकांना भिडलेली होती. बार्शी मुंबई इलाख्यात, भूम निजामाच्या हैदराबाद संस्थानात. 15 ऑगस्ट 1947 ला बार्शीत तिरंगा लागला, भूमला मात्र स्वातंत्र्य मिळाले नाही. पुढचे तेरा महिने भारताची सरहद्द या शेतांमधून गेली होती.

शेजारच्या सीटवर एक वयस्कर शेतकरी होते. त्यांना या सरहद्दीविषयी विचारले, तर ते लगेच बोलू लागले. "आमचा बाप भुसार घेऊन बैलगाडीनं बार्शीला यायचा. नाक्यावर करोडगिरी भरल्याबिगर गाडी सोडीत नव्हते. मोगलाईत हाली रुपया, बार्शीत कलदार. सोयरे मातर दोन्हीकडं." मोगलाई म्हणजे निजामाचा मुलूख आणि करोडगिरी म्हणजे त्याची जकात. ती भरूनही माल बार्शीलाच येई, कारण बाजार तिथे होता. 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे आली, पुढे ती निजामाच्या हद्दीत शिरून लातूरपर्यंत गेली. राज्ये वेगळी असली तरी पोटाचा व्यवहार एकच होता.

थोडी वाट वाकडी करून माणकेश्वरला उतरलो. भूम तालुक्यातल्या या गावात चालुक्यकालीन घडणीचे शिवमंदिर आहे. त्याचा पाया सरळ भिंतीसारखा जात नाही, कोन मोडत, आत-बाहेर होत चांदणीच्या आकाराने फिरतो. भिंतीच्या एका कोपऱ्याशी उभे राहिले की त्या एकाच दगडी वळणावर ऊन आणि सावली चार वेळा बदललेली दिसते. शेजारच्या कोपऱ्यात सुरसुंदरींची रांग आहे. काहींचे हात तुटलेले, तरी कमरेचे दागिने कोरणाऱ्याने मण्यामण्याने मोजून घडवलेले. हे काम ज्या परंपरेतले, तिचे केंद्र कल्याणीला, आजच्या कर्नाटकात होते. तेव्हा या भागाचे तोंड दक्षिणेकडे होते. यादव आले तेव्हा ते उत्तरेला, देवगिरीकडे वळले. भूममध्ये त्या जुन्या दक्षिणेची खूण अजून पुजली जाते. गावाचे आराध्यदैवत आलमप्रभू. अल्लमप्रभू हे बाराव्या शतकातले कन्नड शरण, बसवेश्वरांच्या अनुभव मंटपातले अग्रणी. आज त्यांच्यापुढे मराठीत नवस बोलले जातात, आणि त्यात कुणाला काही परके वाटत नाही.

बहमनी राज्य फुटले आणि हा टापू खऱ्या अर्थाने सरहद्दीवर आला. एका बाजूला अहमदनगरची निजामशाही, दुसऱ्या बाजूला विजापूरची आदिलशाही. त्यांच्यातली हद्द लग्नांच्या बोलणीतही ठरे. बुऱ्हाण निजामशहाचे विजापूरच्या राजकन्येशी लग्न झाले तेव्हा सोलापूर आंदण द्यायचे ठरले होते. ते दिले गेले नाही म्हणून दोन्ही घराण्यांत पुढची कित्येक वर्षे लढाया झाल्या. शेवटी चांदबिबी अली आदिलशहाला दिली, तेव्हा नगरने सोलापूर आंदणात विजापूरला दिले. आज किल्ला इकडे, उद्या तिकडे. त्या किल्ल्याखालच्या गावांना मात्र कुणी विचारले नाही.

भूमच्या शेजारचा परांडा तर एकदा राजधानीच झाला. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतले आणि मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजाला निजामशाहीच्या गादीवर बसवून राज्याचा कारभार परांड्याहून चालवला. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ 1632 पर्यंत परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून ती विजापूरला नेली. त्या शतकात परांडा निजामशाहीकडून आदिलशाहीकडे आणि 1660 साली किल्लेदाराला फितवून मोगलांकडे गेला. माणसाच्या एका आयुष्यात तीन सत्ता आल्या. पेरणी त्याच रानात झाली, सारा फक्त वेगळ्या दारात गेला.

भूममध्ये मुक्काम केला. गावाबाहेरच्या एका खव्याच्या भट्टीवर पहाटेपासून काम चालू होते. मोठ्या कढईत दूध आटत होते आणि एक बाई उलथणे न थांबवता फिरवत होती. दूध कढईला लागले की खवा करपतो, म्हणून तिने आमच्याशी बोलतानाही हात थांबवला नाही. "आटल्यावर पाचाला एक उरतं," ती म्हणाली, आणि कडेला जमलेली साय पुन्हा आत ओढली. हा तालुका खव्यासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पावसाच्या छायेतल्या या मुलखात शेतीचा भरवसा कमी, म्हणून घरे दुभत्यावर उभी राहिली. जिथे करोडगिरीसाठी गाड्या अडत, त्याच बाजूने आता हा खवा रात्रीतून पुण्या-सोलापूरकडे निघतो.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याला गेलो. हे गाव भूमच्या जवळचे, पण अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातले. निंबाळकरांनी 1743 साली बांधलेला चौकोनी भुईकोट अजून भक्कम तटांनी उभा आहे, आणि शेजारी 2021 साली उभारलेला 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज दुरूनच दिसतो. 11 मार्च 1795 ला या परिसरात पेशवे आणि हैदराबादचा निजाम निजामअली यांची लढाई झाली. सवाई माधवरावांच्या नावाने नाना फडणीसांनी शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सारे सरदार एकत्र आणले. मराठ्यांची एवढी जूट पुन्हा कधी झाली नाही. निजामअली रात्री माघार घेऊन याच कोटात शिरला, मराठ्यांनी भोवती वेढा दिला. आत पाण्याचे हाल सुरू झाले आणि निजामाने तह केला. तीन कोटींची खंडणी, दौलताबादचा किल्ला आणि परांड्यापासून उत्तरेला तापीपर्यंतचा सरहद्दीचा सारा पट्टा मराठ्यांना द्यायचे ठरले.

तटावर उभे राहून दक्षिणेला भूम-परांड्याकडे पाहताना त्या कलमाचा अर्थ ध्यानात येतो. एका सहीने शेकडो गावांचे राज्य बदलत होते. पण ऑक्टोबर 1795 मध्ये सवाई माधवराव गेले, पुण्यात गादीचे राजकारण पेटले, आणि पुढच्या वर्षी महाडच्या तहात नानांनी निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सोडून दिले. रणात मिळालेली सीमा दीड वर्षात वाटाघाटीत परत गेली.

1818 साली पेशवाई संपली आणि निजामाच्या समोर इंग्रज आले. 1822 च्या तहाने दोघांनी मुलखाची अदलाबदल केली, तरी एकाची गावे दुसऱ्याच्या पोटात उरलीच. 1853 साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्गचा जिल्हाही, म्हणजे आजच्या धाराशिवचा मुलूख, इंग्रजांच्या ताब्यात दिला. तिथला कारभार मेडोज टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने पाहिला. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, त्याचे बक्षीस म्हणून 1860 साली नळदुर्ग परत मिळाला. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले. जिल्हा कर्जापोटी गेला आणि बक्षिसादाखल परतला.

पोटात अडकलेल्या गावांचा प्रश्न 1948 साली पेटला. सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे नान्नज हे भारतीय हद्दीने वेढलेले निजामाचे गाव होते. जुलैत तिथे भारतीय जवानांवर हल्ला झाला आणि सैन्याने नान्नज ताब्यात घेतले. सप्टेंबरच्या 13 तारखेला सोलापूरकडून सैन्य नळदुर्गमार्गे हैदराबादेकडे निघाले, आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली. 1950 च्या आदेशाने अशी अडकलेली गावे ज्या राज्याच्या पोटात होती, त्यालाच जोडली गेली. भारत आणि बांगलादेश यांना आपल्या 162 अंतर्गत वस्त्यांचा असाच गुंता सोडवायला 2015 साल उजाडले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. बार्शी आणि भूम शेकडो वर्षांनी एका राज्यात नांदू लागले.

एवढ्यावर ही गोष्ट संपते असे मानणे मला भूमच्या तहसील कचेरीत जड गेले. ओट्यावर बसलेल्या माणसांच्या हातात जुन्या नोंदींच्या नकला होत्या: कुणाकडे खासरा पत्रक, कुणाकडे उर्दूतला कागद आणि त्याचे मराठी भाषांतर. 2023 पासून मराठवाड्यात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध निजामकाळच्या दप्तरांत चालू आहे. त्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मानला. बार्शीकडच्या माणसाला पणजोबाचा कागद मोडीत किंवा मराठीत शोधायचा, भूमकडच्याला उर्दूत. भाऊबंद एकच असले तरी पुरावे दोन राज्यांत वाटले गेले.

शाळांचेही तेच. हैदराबाद संस्थानात राज्यकारभार आणि उच्च शिक्षण उर्दूत, मराठी शाळा मोजक्या. म्हणून शिकायचे तर सीमा ओलांडून बार्शी-सोलापूर गाठावे लागे. बार्शीत 1934 साली मामासाहेब जगदाळे यांनी उभ्या केलेल्या शिक्षणसंस्थेने ग्रामीण मुलांना दार उघडले, ते मराठवाड्यातल्या मुलांनाही उपयोगी पडले. पाण्यातही हेच अंतर दिसते. कृष्णा खोऱ्यातले 23.66 टीएमसी पाणी मराठवाड्यासाठी कागदावर मंजूर होऊन वर्षे लोटली, तरी या भागाला ते पुरेसे मिळालेले नाही. 1953 च्या नागपूर करारात मागास भागाच्या न्याय्य वाट्याची हमी होती.

भूमने प्रत्येक राज्याला सारा दिला, कुणाच्याही तहात त्याचा आवाज नव्हता. तहाने सीमा एका दिवसात सरकते, पण शाळा, रस्ते, पाणी आणि दप्तर यांत पडलेले अंतर पुढच्या पिढ्यांनी चालून काढावे लागते. म्हणून भूमला मिळणारे पाणी, शाळा आणि नोंदी हा उपकाराचा विषय नाही, विलीनीकरणाचा उरलेला हिशेब आहे, आणि तो चुकता करणे महाराष्ट्राचे काम आहे.