कोलकात्याचे सांडपाणी कोण धुते?

कोलकात्याला जाणारी माणसे हावडा पूल पाहतात, व्हिक्टोरिया मेमोरियल पाहतात, रसगुल्ले खातात आणि परत येतात. पण मुलांनो, या शहराच्या पूर्वेला एक वेगळीच जागा आहे. सायन्स सिटीजवळचा बायपास रस्ता ओलांडून पुढे निघालो, की इमारती हळूहळू मागे पडतात आणि तळीच तळी दिसू लागतात. उथळ, पसरट, हिरवट पाण्याची. बांधाबांधाने माणसे ये-जा करतात, पाण्यात होड्या फिरतात आणि काठावर बगळे ध्यान लावून बसलेले असतात.

"काय छान तळी आहेत हो, दादा!" मी एका म्हाताऱ्या मच्छीमाराला म्हटले. तो हसून मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "मास्टरमोशाय, हे सगळं पाणी शहराच्या गटारातून आलंय!" (बंगालीत गुरुजींना 'मास्टरमोशाय' म्हणतात. 'दादा' मात्र आपल्यासारखाच!)

"शी!" म्हणालात ना? जरा थांबा. नाक मुरडण्याआधी या तळ्यांची गोष्ट तर ऐका.

कोलकात्याच्या पश्चिमेला हुगळी नदी आहे. पण शहराची जमीन उतरते पूर्वेकडे. त्यामुळे शहराचे सांडपाणी पंपांनी उचलून कालव्यांतून पूर्वेकडेच सोडतात. पूर्वी या भागात विद्याधरी नदीतून भरतीचे खारे पाणी येत असे. पुढे नदी गाळाने भरत गेली आणि खारे पाणी येईनासे झाले. मग इथल्या लोकांनी कालव्यातले सांडपाणीच आपल्या तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. या तळ्यांना बंगालीत 'भेरी' म्हणतात.

आता खरी गंमत. सांडपाण्यात १०० भागांत ९९ हून अधिक भाग नुसते पाणीच असते. उरलेल्यात असतो मैला, उष्टेखरकटे आणि साबणाचा फेस. ही घाण आपल्याला नकोशी वाटते. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या कोट्यवधी जिवाणूंना ते पंचपक्वान्नांचे ताट! ते ही घाण खातात आणि तिचे साध्यासाध्या पदार्थांत रूपांतर करतात. मात्र जेवताना त्यांना प्राणवायू लागतो. असे सांडपाणी तसेच नदीत सोडले, तर जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात आणि मासे गुदमरून मरतात.

मग भेरीत असे का होत नाही? कारण ती उथळ असते. बहुतेक ठिकाणी पाणी मोठ्या माणसाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच. सूर्यप्रकाश आत शिरतो आणि त्यावर बारीक हिरवे शेवाळ वाढते. शेवाळ दिवसभर प्राणवायू सोडते. तो जिवाणूंना मिळतो. जिवाणू कार्बन डायऑक्साइड आणि खताचे अंश सोडतात. ते शेवाळाला मिळतात. अगदी शेजाऱ्यांच्या वाटीची देवाणघेवाण! शेवाळ फार माजू नये म्हणून ते खायला मासे हजर. रोहू, कटला, मृगळ, तिलापिया. शिवाय कडक उन्हाने रोगजंतूही मोठ्या प्रमाणात मरतात. हे सारे घडते, पण पाणी शुद्ध करायला विजेवरचे एकही यंत्र लागत नाही.

पण म्हणून माणसाने हातावर हात ठेवून बसायचे असे नाही हं! हिवाळ्यात तळे उपसून तळ वाळवावा लागतो. नंतर सांडपाणी घेऊन ते काही आठवडे उन्हात राहू द्यायचे, अधूनमधून ढवळायचे. मग थोडेसे मासे सोडून परीक्षा घ्यायची. ते जगले, तरच बाकीचे सोडायचे. पुढेही सांडपाणी थोडे थोडेच आत घ्यायचे. ते जास्त झाले, तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. रात्री शेवाळ प्राणवायू बनवत नाही ना! "पाण्याचा रंग बघूनच आम्हांला कळतं, त्याला भूक आहे की पोट भरलंय," दादा म्हणाले.

हे ज्ञान बाहेरच्या जगाला कळले ते ध्रुवज्योती घोष या अभियंत्यामुळे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराच्या सांडपाण्याचे पुढे काय होते, याचा शोध घेण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे दिले. ते पाण्याच्या मागोमाग गेले आणि या भेरींपाशी पोहोचले. मच्छीमारांना त्यांनी गुरू मानले. २०१८ मध्ये ते वारले, तोवर या तळ्यांसाठी भांडत राहिले.

भांडावे का लागले? कारण शहराला जागा हवी असते. सॉल्ट लेक हे उपनगर १९६० च्या दशकात अशीच पाणथळ जमीन भरून उभे राहिले. पुढे 'पब्लिक' या नागरिकांच्या संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि १९९२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने इथल्या भरावाला लगाम घातला. २००२ मध्ये सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या प्रदेशाला 'रामसर स्थळ' म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला. यात भेरींबरोबर भातशेती, भाजीचे मळे आणि वस्त्याही आल्या. २००६ मध्ये त्याच्या रक्षणासाठी राज्याने खास कायदाही केला. तरी चोरून भराव टाकणे काही थांबलेले नाही.

दुसरे संकट पाण्यातूनच येते. जिवाणू मैला खातात, खरकटे खातात; पण कातडी कमावताना वापरतात ते क्रोमियम त्यांना खाता येत नाही. तो धातू नाहीसा होत नाही; तळच्या गाळात साठतो. प्लास्टिकचेही तसेच. म्हणजे निसर्गाचा हा सफाई कामगार कितीही कष्टाळू असला, तरी त्याच्या ताटात काय वाढायचे, हे आपल्याच हातात आहे.

बालमित्रांनो, या सुट्टीत एक शोध घ्या. आपल्या घरच्या मोरीतले पाणी कुठे जाते? आईबाबांपैकी कुणाला तरी बरोबर घ्या आणि त्या पाण्याच्या वाटेने चालत जा. वाटेत त्याला ऊन मिळते का, त्यात मासे दिसतात का, की नुसत्या पिशव्याच तरंगतात, ते वहीत टिपून ठेवा. शाळा सुरू झाली, की ती वही तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना जरूर दाखवा.