अज्जांची पट्टी

सायकलचा सांगाडा चांगला असेल तर तो पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. बदलतात ते ब्रेक. आमच्या एकाच घरात त्यांच्या तीन पिढ्या झाल्या. माझ्या सासऱ्यांच्या काळ्या सायकलला लोखंडी सळ्यांचे ब्रेक आहेत. मुलासाठी २०१४ साली घेतलेल्या सायकलला तारेवर चालणारे डिस्क ब्रेक होते. ती सायकल आता धाकट्या मुलीकडे आली आहे आणि तिला हवे होते तेलाचे, म्हणजे हायड्रॉलिक ब्रेक.

ही नुसती हौस नव्हती. ती पी.यू.ला आहे आणि रविवारी मैत्रिणींबरोबर येळ्ळूरच्या राजहंसगडावर सायकल नेते. चढताना दम लागतो तो लागतोच, पण खरी परीक्षा उतारावर असते. तारेचे ब्रेक दाबून दाबून बोटे दुखतात. आपल्याकडच्या पावसात चिखलाचे पाणी केबलमध्ये शिरले की तार जड चालते. ज्या उतारावर पोरगी रोज ना उद्या जाणारच, तिथे तिचे ब्रेक भरवशाचे असावेत एवढेच आम्हा दोघांना वाटत होते.

ब्रेकचा संच आणला, दुकानात बसवलाही. मात्र मागच्या चाकाकडे जाणारी तेलाची नळी लोंबकळत राहिली. जुन्या सांगाड्यावर तिला धरून ठेवायला जागाच नव्हती. जागा होती ती तारेसाठी. तारेच्या ब्रेकमध्ये बाहेरचे कव्हर सांगाड्यावरच्या छोट्या खोबणीत येऊन अडते आणि पुढे नुसती दीड मिलिमीटरची तार जाते. ताण घेणे हे त्या खोबणीचे काम. तेलाच्या नळीत ओढाताण नसतेच. दाब आतल्या तेलातून पुढे जातो, म्हणून नळी हँडलपासून चाकापर्यंत अखंड लागते. ती जवळपास पाच मिलिमीटर जाड. तारेच्या भोकातून ती जाणार कशी? भोक मोठे करावे तर वेल्डिंग कमजोर होते आणि रंग उडून गंज धरतो.

मी मराठीचा प्राध्यापक. माझे हत्यार खडू. पण मुलांचे अज्जा उद्यमबागेतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि तिथे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच तयार होत. आता नजर अधू झाली आहे, तरी बोटांची जाण गेलेली नाही. त्यांनी नळी चाचपली, जुना सांगाडा चाचपला आणि नातीला मागच्या पडवीत नेऊन स्वतःची काळी सायकल दाखवली. तिच्या सळ्यांचे टेकू सांगाड्याला वेल्ड केलेले नाहीत. पट्टी गोल वाकवून, बोल्टने आवळून बसवलेले आहेत. नव्या अडचणीचे उत्तर सर्वांत जुन्या सायकलवर होते.

मग दोघे कामाला बसले. एक मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, बारा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या. पंक्चर झालेल्या ट्यूबचे रबर आत घालायचे, म्हणून पाच नव्हे, सात मिलिमीटरच्या ड्रिलच्या दांडीवर पट्टी वाकवली. रबर नसले तर पत्र्याची धार नळीला हळूहळू कापते. कडा कानशीने घासल्या. गोलाई एका बाजूने उघडी ठेवली, कारण बंद कडीत नळी ओवायची तर ती ब्रेकपासून सोडवावी लागते, तेल सांडते, आत हवा शिरते आणि पुन्हा हवा काढत बसावे लागते. सांगाड्यावरही रबराचा तुकडा गुंडाळून त्यावर पट्टी प्लास्टिकच्या टायने बांधली. साधारण वीतभर अंतरावर एक.

शेवटची पट्टी लेक जोर लावून आवळू लागली तेव्हा अज्जा म्हणाले, "तंगी, भाळ बिगि माडबेड. स्वल्प सडिल इरली." आमच्या घरात 'बिगि' शब्दाचे नेहमी असेच होते. कानडीत तो घट्ट आणि मराठीत 'बिगीबिगी' म्हणजे लवकर. तिने मराठी ऐकले आणि हात सावकाश चालवू लागली. पट्टी मात्र आवळतच होती! अज्जांनी तिचे बोट धरून नळीवर ठेवले. नळी चेपली तर आतली वाट अरुंद होते, ब्रेक ऐन वेळी नीट काम करत नाही. फारच सैल राहिली तर ती हलून टायरला घासते. बोटाने ओढली तर पट्टीतून सरकावी, सायकल हलवली तर फडफडू नये, हे त्यांचे माप. आकडा सांगितला नाही, पण तिला ते कायमचे कळले.

हँडलजवळ नळीला मोकळा बाक ठेवला. हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून पाहिले, कुठे ताण येत नाही ना. मागे डिस्कपासून नळी लांब राहील असे पाहिले, कारण लांब उतारावर डिस्क चांगलीच तापते. टाचही तिथे लागता कामा नये. आपल्यापैकी कुणी हे करणार असेल तर एवढे जरूर सांभाळा, आणि ब्रेकमध्ये कंपनीने सांगितलेलेच तेल घाला. वेगळ्या तेलाने आतली सीले फुगतात.

खर्च म्हणाल तर पत्रा भंगारातला, ट्यूब घरची, टाय वीस-तीस रुपयांचे. पण मला मोल वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे. अज्जांनी तीसेक वर्षे कारखान्यात जे केले ते आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हते. पगार आणि पेन्शन तेवढे ठाऊक. त्या दुपारी ते नातीच्या बोटांत उतरले, अर्धे कानडीत, अर्धे मराठीत.

आता ती गडावर जाण्यापूर्वी हँडलपासून मागच्या चाकापर्यंत नळीवरून एकदा बोट फिरवते. अज्जा ओट्यावरून विचारतात, "सडिल आगिल्लल्ला?" ती म्हणते, "इल्ल अज्जा," आणि निघते. मी दारात उभा असतो. सावकाश जा, असे म्हणायचे मी अजून सोडलेले नाही.